उजेड मुरवताना

लाइट टेबलचे फोटो फार फसवे असतात. अंधारी खोली, मधोमध पांढरंशुभ्र झळकणारं टेबल, त्यावर ओळीने मांडलेले रंगीत ठोकळे आणि वर वाकलेलं, चेहरा उजळलेलं मूल. ते बघून कुणालाही वाटेल, भरपूर उजेड पाडला की काम फत्ते. घरी टेबल करायला घेतलं तेव्हा मात्र उजेड आणण्याचं काम सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत सहज उरकलं. तो सगळीकडे सारखा पसरवायचा आणि मग मुलाच्या डोळ्यांना सोसेल इतका खाली आणायचा, यातच बाकीचा सगळा वेळ गेला.

मुळात ही लहान मुलांसाठी शोधलेली वस्तू नाही. डॉक्टर एक्स-रे बघतात ती उजेडाची पेटी, छायाचित्रकार निगेटिव्ह तपासायचे ते टेबल, नकाशे आणि आराखडे गिरवायची काच, सगळ्यांचं तत्त्व एकच: उजेड वस्तूच्या मागून किंवा खालून सोडायचा. लहान मुलांच्या शिक्षणात हे टेबल रुजलं ते मुख्यतः इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरातल्या बालशाळांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या पालकांनी स्वतः शाळा उभ्या केल्या, लोरिस मालागुझ्झी या शिक्षकाने त्यांना दिशा दिली आणि 1963 मध्ये नगरपालिकेची पहिली बालशाळा सुरू झाली. उजेड आणि सावली ही तिथे रंगांइतकीच किंवा मातीइतकीच हाताळण्याची सामग्री मानली जाते. मला हे फार पटलं. एरवी उजेड वरून येतो, वस्तूवर आपटून आपल्या डोळ्यांत शिरतो आणि आपण त्याच्याकडे लक्षही देत नाही. तोच खालून आला की पारदर्शक वस्तूचा रंग पेटून उठतो, अपारदर्शक वस्तूची फक्त बाह्यरेषा उरते. चमचा चमचा राहत नाही, चमच्याचा आकार होतो.

घरात गिऱ्हाइकं दोन. लेक चार वर्षांची, प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारणारी. धाकटा दीड वर्षाचा, प्रत्येक गोष्ट तोंडात घालून तपासणारा. लेकीला आवडेल ते करायचं आणि धाकट्याला झेपेल इतकंच करायचं, अशी अट मी स्वतःला घालून घेतली. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या दुसऱ्या अर्ध्या अटीने घेतले.

पेटी म्हणून निवडला प्लास्टिकचा मोठा डबा, कपडे किंवा खेळणी ठेवायला वापरतात तसला, धुरकट पांढरा. लांबी साधारण 60 सेंटिमीटर, रुंदी 40, खोली 18. पाय लावून उंच टेबल करायचा मोह झाला होता, पण दीड वर्षाचं मूल उंच वस्तूला धरून उभं राहतं आणि ती ओढतं. जमिनीवर ठेवलेल्या डब्यापुढे ते उकिडवं बसतं, गुडघ्यांवर येतं, प्रसंगी डब्यावरच चढून बसतं. चढणार हे गृहीतच धरलेलं बरं.

काच पहिल्याच विचारात बाद. घरात जुन्या टीपॉयची काच पडून होती आणि नवरा दोनदा म्हणाला, “ही आहे की!” पण मूल ठोकळा आपटणार, त्या ठिकाणी साध्या काचेला जागा नाही. वरच्या पृष्ठभागासाठी ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं दिसणारं कडक प्लास्टिक, घ्यायचं ठरलं. तीन मिलिमीटरचं ॲक्रिलिक एवढ्या रुंदीवर हाताने दाबलं की लवतं. मधे टेकू द्यावा तर त्याची सावली वर दिसते. म्हणून पाच मिलिमीटर. डब्याच्या झाकणाचा मधला भाग कापून चारही बाजूंना बोटभर रुंदीची चौकट ठेवली आणि तिच्यावर ही शीट बसवली.

दुकानातून तयार दुधी ॲक्रिलिक आणता येतं आणि घाई असेल तर तेच आणावं. माझ्याकडे स्वच्छ पारदर्शक शीटचा तुकडा होता, म्हणून तोच दुधी करायला घेतला. एका बाजूचा संरक्षक कागद काढायचा, शीट ओली करायची आणि पॉलिश पेपर गोल गोल फिरवायचा. आधी 220 नंबरचा, मग 400 चा. हात भरून येतात, पण बघताबघता शीट धुक्यासारखी होते. घासलेली बाजू खाली ठेवायची, गुळगुळीत बाजू वर. खरखरीत बाजूत स्केचपेनची शाई आणि चिकट बोटांचे ठसे अडकून बसतात, गुळगुळीत बाजू ओल्या फडक्याने एका हाताने पुसून निघते. कडा मात्र चारही बाजूंनी घासून गोल केल्या आणि कोपऱ्यांवरून आपलं मनगट फिरवून पाहिलं. बोटापेक्षा मनगटाची कातडी जास्त खरं सांगते.

आता उजेड. सुरुवात सगळेच करतात तशी केली, सजावटीच्या दिव्यांची माळ डब्यात सोडून. पाच मिनिटांत टेबल तयार, आणि खरं सांगायचं तर एका संध्याकाळच्या मौजेपुरतं ते चालतंही. पण वरून दिसतात ठिपके. त्यावर निळा कागद ठेवला की कागद निळा न दिसता निळ्या डागांचा दिसतो. लेकीला तेच आवडलं, तिला ते आकाश वाटलं. मला सपाट उजेड हवा होता.

म्हणून एलईडीची पट्टी. यात निवड करायला बसलं की डोकं गरगरतं, पण लागणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात. 12 व्होल्टची, एकाच रंगाची पांढरी, मीटरला 60 दिव्यांची पट्टी घेतली. मीटरला साधारण पाच वॅट खाणारी. पांढऱ्यातही प्रकार असतात, ते केल्विन या एककात सांगतात. 2700 केल्विनचा पिवळसर उजेड डोळ्यांना सुखद, पण त्यात निळा अंश कमी, त्यामुळे निळा कागद त्यावर मळकट आणि काळपट दिसतो. 6500 केल्विनचा उजेड थंड, निळसर आणि टोचरा. मधला, 4000 च्या आसपासचा घेतला तर सगळे रंग आपापल्या जागी राहतात. रंग बदलणारी पट्टी मी मुद्दाम घेतली नाही. टेबल स्वतःच लाल-हिरवं होऊ लागलं की मूल टेबलाकडे बघत बसतं, वर काही ठेवून पाहायची गरज त्याला उरत नाही.

आणि रिमोटचा प्रश्न आहेच. रंग बदलणाऱ्या पट्ट्यांबरोबर एक पातळ, चपटा रिमोट येतो आणि त्यात बटणासारखी गोल बॅटरी असते. तो इतका हलका असतो की त्याची भीती वाटत नाही, पण ती बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर इजा करू शकते. त्याच रिमोटवर दिवे लुकलुकवण्याचं बटण असतं. लखलखणाऱ्या प्रकाशाने ज्यांना झटके येतात अशा मुलांसाठी ते धोक्याचं. घरात कुणाला तसा त्रास असेल तर टेबल करण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

पट्टीच्या पाठीला चिकटपट्टी असते, पण ती अशा डब्याच्या प्लास्टिकवर टिकत नाही. त्या प्लास्टिकला सहसा काहीच नीट चिकटत नाही, आणि दिवे लागून पट्टी थोडी कोमट झाली की ती सुटून लोंबकळते. म्हणून डब्याच्या तळाच्या मापाचा पांढरा सनबोर्ड, म्हणजे फोमची हलकी कडक शीट, कापला, पट्टी त्यावर चिकटवली आणि तो बोर्ड आत बसवला. पट्टी आडवी वाकवता येत नाही, आतल्या तांब्याच्या रेषा तुटतात. ती कापून, तुकडे तारांनी जोडावे लागतात, आणि कापायचं तेही जिथे कात्रीची खूण असेल तिथेच; 12 व्होल्टच्या पट्टीवर ती बहुधा दर तीन दिव्यांनी येते. पन्नास सेंटिमीटरच्या पाच ओळी, दोन ओळींमध्ये सात सेंटिमीटर अंतर. एकूण अडीच मीटर, म्हणजे साधारण बारा वॅट, म्हणजे साधारण एक अँपिअर. अॅडॉप्टर दोन अँपिअरचा घेतला, म्हणजे तो दमत नाही आणि तापतही नाही. तुकडे जोडायला दाबून बसवायच्या क्लिपा मिळतात, पण डबा उचलून ठेवला की त्या सैल होतात आणि एखादी ओळ विझते. नवऱ्याने सोल्डर करून दिलं. अधिक-उण्याच्या खुणा जुळवून, एवढीच काळजी.

ओळींमधलं अंतर आणि डब्याची खोली यांचं नातं हा टेबलाचा प्राण आहे. दिव्यापासून वरच्या शीटपर्यंतचं अंतर दोन ओळींमधल्या अंतरापेक्षा बरंच जास्त असेल तर एका ओळीचा उजेड दुसरीच्या उजेडात मिसळतो आणि वर पट्टे दिसत नाहीत. माझ्याकडे सातच्या मानाने पंधरा-सोळा सेंटिमीटर मोकळी जागा होती. पातळ, दिसायला देखणं टेबल हवं असेल तर ओळी खूप जवळ आणाव्या लागतात, दिवे वाढतात आणि मग तेच दिवे मंद करत बसायचं. ओबडधोबड खोल डबा जास्त शहाणा.

आतल्या भिंतींना पांढरा, न चकाकणारा कागद लावला. स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल लावा असं पुष्कळ ठिकाणी सुचवतात. मी एका बाजूला फॉइल आणि एका बाजूला पांढरा कागद लावून पाहिलं. फॉइल उजेड आरशासारखा परतवते, त्यामुळे कडेला झळाळीच्या रेघा उमटतात. कागद तोच उजेड सगळीकडे विखरून टाकतो. शीटच्या खाली ट्रेसिंग पेपरचा एक थर लावला, मग दुसरा. प्रत्येक थरामागे टेबल थोडं मंद होतं आणि थोडं शांत होतं. उजेड सारखा पसरला की नाही हे डोळ्यांना नीट कळत नाही, ते लगेच सरावतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात फोटो मुद्दाम अगदी गडद करून काढला की कुठे डाग आहे, कुठली ओळ वर येते आहे, सगळं उघडं पडतं.

यानंतर डिमर, उजेड कमी-जास्त करायचा. अॅडॉप्टर आणि पट्टी यांच्या मध्ये तारेवर बसणारा, गोल खिट्टी फिरवायचा, साधा. असे डिमर उजेड कमी करतात म्हणजे दिवा फार वेगाने लावतात-विझवतात; स्वस्तातल्या डिमरमध्ये हा वेग पुरेसा नसतो आणि डोळे शिणतात. टेबलावर पेन्सिल झपकन हलवून पाहावी. एका पेन्सिलीच्या अनेक तुटक पेन्सिली दिसल्या तर डिमर बदलावा. मी बदलला.

किती मंद करायचं याचं माझं माप असं ठरलं: टेबलावर पांढरा कागद ठेवून, खोलीतला एक लहान दिवा चालू ठेवून, आपण स्वतः दहा मिनिटं त्यावर काहीतरी काढत बसायचं. मान वर केल्यावर डोळ्यांसमोर चौकोन तरंगला तर अजून खाली आणायचं. मूल आपल्यापेक्षा खूप जवळून बघतं, नाक टेकवून बघतं, हे विसरायचं नाही. खोलीत मिट्ट काळोख करायचा नाही, कारण काळोखात तोच उजेड दुप्पट टोचतो. शेवटी डिमर जिथे थांबला ते माप फोटोतल्या झगमगाटापेक्षा पुष्कळच खाली होतं. तिथेच रंग सर्वांत गडद दिसतात.

अॅडॉप्टर उंच, हाताबाहेरच्या सॉकेटमध्ये. डब्यात येते ती फक्त 12 व्होल्टची तार, आणि आत शिरल्यावर तिला एक गाठ मारली आहे, म्हणजे कुणी ओढलं तरी जोड सुटत नाही. मागच्या बाजूला हवेसाठी छोटी भोकं. झाकणाच्या चौकटीत शीट सिलिकॉनने बंद केली, कारण सांडणार हे नक्की, आणि झाकण डब्याला स्क्रूने आवळलं. घरातल्या विजेवर थेट चालणारा बल्ब किंवा ट्यूब असल्या डब्यात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही जणांनी तसं केलेलं असो.

टेबल पहिल्यांदा लावलं तेव्हा वर काहीही ठेवलं नव्हतं. धाकटा आला, त्याने दोन्ही तळवे आपटले, मग उजेड चिमटीत पकडायचा प्रयत्न केला. येईना, तेव्हा वाकून चाटून पाहिला. लेक म्हणाली, “आई, याला सांग ना, हा खायचा उजेड नाही.” बराच वेळ दोघं नुसते हात ठेवून बोटांचे काळे आकार बघत होते. तेव्हा मला वाटलं, खेळणी आणण्याची घाई नको.

मग आले जिलेटीन पेपर. लाल, पिवळा, निळा. पारदर्शक रंगीत कागदांचे मोठे तुकडे, हाताची उब आणि ओल लागली की गुंडाळले जातात, म्हणून लॅमिनेट करून कोपरे गोल कापले. पिवळ्यावर निळा सरकवला आणि मधे हिरवा उगवला. लेकीने निळा उचलला, हिरवा गेला. ठेवला, आला. “हिरवा कुठे लपतो?” या प्रश्नावर मी कागद उचलून खिडकीकडे धरला आणि तिला सांगितलं की पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात, पिवळा कागद काही अडवतो, निळा काही अडवतो, दोघांतून जो सुटतो तो हिरवा. तिने ऐकून घेतलं आणि स्वतःचा सिद्धान्त मांडला: दोन कागद भांडले की हिरवा होतो. तिन्ही कागद एकावर एक ठेवल्यावर जवळजवळ काळं झालं, तेव्हा ती म्हणाली, “बघ, खूपच भांडले.” माझ्या स्पष्टीकरणापेक्षा हे फार दूर नव्हतं.

सर्वांत जास्त दिवस टिकली ती पानं. ताजं जाड पान उजेड अडवतं, नुसता काळा आकार दिसतो. कोवळं पान किंवा झाडाखाली पडून जाळी होत चाललेलं पान ठेवा, शिरा अशा उमटतात की मोठी माणसंही थांबतात. लेक आता रस्त्यातून पान उचलते ते आधी सूर्याकडे धरून तपासते, टेबलावर चालेल का म्हणून. आबांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे आणून ठेवला त्या दिवशी तर आबांना चड्डी वर करून गुडघा दाखवावा लागला. “आबा, तुमचं हाड आत इथेच आहे?” ते म्हणाले, “कालपर्यंत होतं बाई.”

धाकट्यासाठी झिप लॉकच्या जाड पिशवीत केसांना लावायची पारदर्शक जेल, त्यात दोन कोपऱ्यांत दोन रंगांचे थेंब, हवा काढून बंद, आणि चारही कडांना रुंद चिकटपट्टी. ती पिशवी टेबलावरच चिकटवून टाकली. तो बोटाने दाबतो, रेघ उजळते, जेल परत येऊन रेघ मिटवते. खेळून झालं की पिशवी दाबून तपासायची. कड सुटायला लागली की फेकून नवी.

वाळूचं ताट हा लेकीचा खेळ. पारदर्शक उथळ ट्रेमध्ये चाळलेल्या बारीक वाळूचा पातळ थर. बोट फिरलं की तिथून उजेड वर येतो. अक्षरं, वाटा, नद्या. मीठ वापरायला अनेकजण सांगतात, ते सुंदर दिसतंही, पण लहान मुलाने मूठभर मीठ खाल्लं तर ते अपायाचं असतं, म्हणून आमच्याकडे वाळू, आणि तीही धाकटा झोपल्यावर. ट्रेशिवाय वाळू थेट ओतायची नाही, ॲक्रिलिकवर ओरखडे उठतात.

काही गोष्टी घरात आणल्याच नाहीत. पाण्यात फुगणारे जेलीचे मणी उजेडावर अप्रतिम दिसतात, पण पोटात गेले तर तिथेही फुगतात, आतडं अडवू शकतात आणि एक्स-रेमध्ये सहसा दिसतही नाहीत. चुंबकाचे पारदर्शक चौकोन चांगले, मात्र तडा गेला की आतले चुंबक सुटू शकतात, म्हणून त्याच क्षणी घराबाहेर. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात. बाकी वस्तूंसाठी माझी चाळणी म्हणजे टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी. तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती धाकटा जागा असताना बाहेर निघत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला जो दंडगोल वापरतात त्याचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो. नळी त्याहून थोडी मोठी, म्हणजे थोडी जास्त कडक.

लाइट टेबलने बुद्धी वाढते, एकाग्रता वाढते वगैरे जे लिहिलं जातं त्याबद्दल मी काही सांगणार नाही. ज्या मुलांना कमी दिसतं त्यांच्याबरोबर काम करणारे शिक्षक उजेडाची पेटी वापरतात, कारण तिच्यावर वस्तू पार्श्वभूमीपासून ठळक वेगळी दिसते. तो उपयोग खरा आणि समजण्यासारखा आहे. माझ्या घरात मला एवढंच दिसलं की टेबलावर वस्तू कमी असल्या की मुलं जास्त वेळ रमतात. एका वेळी एकच प्रकार काढते. पानं तर पानं. सगळी टोपली उपडी केली की दोघंही पाच मिनिटांत उठून जातात.

आता लेक टेबल जास्त करून गिरवायला वापरते. चित्रावर कोरा कागद ठेवून रेषा ओढताना डिमर थोडा वर लागतो, धाकट्याबरोबर खेळताना खाली, आणि खिट्टीवर मी नेलपॉलिशने दोन खुणा केल्या आहेत. एक अडचण राहिली आहे ती तारेची. टेबल सॉकेटच्या जवळच ठेवावं लागतं. दुसरा बोर्ड करताना 5 व्होल्टची, पॉवर बँकेवर चालणारी पट्टी घालायचा विचार आहे. ती एवढी उजळ असणार नाही. तेवढी लागतही नाही.